लदेणीचा तांडा : एका शब्दाचे आणि एका व्यवसायाचे स्थित्यंतर

हिंगोली जिल्ह्यात आज ‘तांडा’ म्हटले म्हणजे डोळ्यांपुढे येते ती माळरानावरची किंवा डोंगरउतारावरची वस्ती. मूळ गावापासून मैल-दोन मैलांवर असलेली, गावाच्याच नावाने किंवा एखाद्या नायकाच्या नावाने ओळखली जाणारी अशी ही वस्ती असते. शासनाच्या कागदपत्रांतही ‘वाडी’, ‘वस्ती’ आणि ‘तांडा’ हे शब्द शेजारी-शेजारी लिहिले जातात व तिघांचाही अर्थ स्थिर लोकवस्ती असाच घेतला जातो. दोनशे वर्षांपूर्वी मात्र याच प्रदेशात हा शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात याच्या नेमका उलट अर्थ होता. तांडा म्हणजे जो कोठेच राहत नाही तो. ओझे लादलेल्या शेकडो-हजारो बैलांचा, त्यांच्यामागून चालणाऱ्या कुटुंबांचा, आज येथे तर उद्या पुढच्या पाणवठ्यावर मुक्काम करणारा चालता समूह. गतीचा वाचक असलेला शब्द स्थितीचा वाचक कसा झाला, याचा शोध म्हणजे दख्खनच्या वाहतुकीचाच इतिहास होय. आणि पूर्णा व पैनगंगा या नद्यांमधला हिंगोलीचा मुलूख त्या शोधाला विशेष सोयीचा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करावा. उत्तरेत ‘टांडा’ असा मूर्धन्य वर्णाने आरंभ होणारा उच्चार आहे, मराठीत ‘तांडा’ असा दंत्य आहे. अर्थ दोन्हीकडे एकच. तांडा चालविणाऱ्यांना मराठी मुलखात लमाण, तेलुगू मुलखात लंबाडी, कानडी मुलखात लंबाणी, आणि उत्तरेत बंजारा म्हणतात. लमाण हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडण्याची परंपरा आहे. अनुनासिकाच्या सान्निध्यात वकाराचा मकार होणे अपरिचित नाही. मधल्या स्वराचे दीर्घत्व तेवढे या व्युत्पत्तीने सुटत नाही. तथापि किनाऱ्यावरचे मीठ घाटमाथ्यावर व तेथून वऱ्हाड-नागपुरापर्यंत पोचविणे हा या लोकांचा मोठा धंदा होता, त्यामुळे अर्थाच्या बाजूने तिला बळ आहे. ‘बंजारा’ची व्युत्पत्ती अधिक निर्वेध आहे. संस्कृत ‘वाणिज्यकार’ हे त्याचे मूळ मानले जाते. हिंदीत शब्दारंभीच्या वकाराचा बकार होतो, मराठीत तो टिकतो. म्हणून मराठीच्या स्वतःच्या वाटेने आलेले रूप ‘वंजारी’, आणि ‘बंजारा’ हे उत्तरेकडून आलेले उसने रूप. एकाच धातूची ही दोन नाणी पुढे दोन निराळ्या समाजांच्या नावांवर चालली. मराठी बोलणारा, बहुतांशी शेतीत स्थिरावलेला वंजारी समाज वेगळा, आणि घरात राजस्थानीच्या जवळची बोली बोलणारा बंजारा समाज वेगळा. नावांचे मूळ एक आहे म्हणून समाजही एकच, असा तर्क करणाऱ्यांनी व्युत्पत्ती आणि वंशावळ यांची गल्लत केली आहे. ती गल्लत केवळ विद्वत्तेच्या प्रांतातली नाही, हे पुढे दिसेलच.

हे लोक आपसांत स्वतःला यांपैकी कोणत्याच नावाने ओळखीत नाहीत. त्यांच्या बोलीत स्वतःसाठी शब्द आहे ‘गोर’, आणि बाहेरच्यासाठी ‘कोर’. बैलांवर माल लादून करावयाच्या व्यापारास ते ‘लदेणी’ म्हणतात. ग्रिअर्सनने भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) या बोलीचा परामर्श भिल्ल बोली व खानदेशी यांच्या जोडीने घेतला, आणि रोनाल्ड ट्रेल यांचे लमाणी व्याकरण १९७० साली प्रसिद्ध झाले. शेकडो मैलांवर पसरलेल्या या बोलीचा सांगाडा सर्वत्र एकच राहिला. बदलला तो उसन्या शब्दांचा थर. मराठवाड्यात तो मराठीचा, तेलंगणात तेलुगूचा, कर्नाटकात कानडीचा. चालत्या समूहाची भाषा अशीच असावयाची. बाजारात दुसऱ्याची बोली, मुक्कामावर आपली.

फारसी ‘कारवान’ हा शब्द युरोपच्या भाषांत गेला तो वाळवंटातल्या उंटांच्या रांगेचे चित्र घेऊन. हिंदुस्थानात तो पूर्वीच आला होता, आणि येथे त्याच्या वाट्याला उंट नव्हे, बैल आले. झियाउद्दीन बरनीने अल्लाउद्दीन खलजीच्या (कारकीर्द १२९६ ते १३१६) धान्यबाजाराचे वर्णन करताना ‘कारवानी’ लोकांचा उल्लेख केला आहे. दिल्लीत धान्य स्वस्त राहावे म्हणून सुलतानाने या कारवानींच्या प्रमुखांना बाजाराच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात दिले; ते परस्परांना जामीन राहिले; आणि त्यांना बायकामुलांसह, गुराढोरांसह यमुनाकाठच्या गावांत आणून बसविण्यात आले. हेच लोक ‘नायक’ या नावाने ओळखले जात व त्यांच्याजवळ दहा-दहा, वीस-वीस हजार बैल असत, असे चौदाव्या शतकातल्याच सूफी संवादग्रंथावरून कळते. नायक हा शब्द तांड्याच्या प्रमुखासाठी आजही रूढ आहे. सहाशे वर्षांहून अधिक काळ एका धंद्यातील एक पदवाचक शब्द न बदलता टिकावा, ही गोष्ट लहान नव्हे. तितकीच लक्षणीय दुसरी गोष्ट. राज्यसंस्थेने चालत्या तांड्याला पकडून एका जागी बसविण्याचा हा पहिला ज्ञात प्रयोग, शेवटचा नव्हे.

तांड्याचा आकार व चाल यांची प्रत्यक्षदर्शी माहिती सतराव्या शतकातील प्रवाशांनी दिली आहे. पीटर मंडी १६३२ साली आग्ऱ्याहून पाटण्यास जात असता त्याला वाटेत चौदा हजार बैलांचा धान्य लादलेला तांडा भेटला. त्याने ‘तांडा’ हाच शब्द आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवला. अशा तांड्यात सहा-सातशे माणसे असत, म्हणजे दर माणशी सुमारे वीस बैल. दिवसाची मजल सहा-सात मैलांपेक्षा जास्त नसे. दर बैलास २४० पौंड ओझे धरले, तर चौदा हजार बैलांचा भार पंधराशे टन होतो. एवढे धान्य चाकांशिवाय, सडकेशिवाय, पुलांशिवाय देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होते.

हे जमत कसे होते? उत्तर मंडीच्या सहा-सात मैलांत आहे. बैलगाडीच्या बैलाला वैरण विकत घ्यावी लागते, गाडीला वाट लागते. तांड्याचा बैल चालता-चालता चरतो. तो हळू जातो कारण तो खात जातो, आणि तो खात जातो म्हणून त्याच्या वाहतुकीला जवळजवळ खर्च पडत नाही. पाठीवरच्या गोणीच्या दोन बाजू सारख्या भरल्या की झाले. ना चाक मोडायचे, ना आख. घाटाची अरुंद वाट, ओढ्याचा उतार, काळ्या मातीचा चिखल वाळलेला माळ, जेथे गुराखी जाऊ शकतो तेथे तांडा जाऊ शके. म्हणूनच धान्य, मीठ, डाळ यांसारखा जड आणि स्वस्त माल, ज्याला गाडीभाडे परवडत नाही असा माल, तांड्याच्या वाट्याला आला. ताव्हर्निएने या लोकांच्या चार शाखा सांगितल्या आहेत : एक धान्य वाहणारी, एक तांदूळ, एक डाळी आणि एक मीठ. ही विभागणी त्याने सांगितली इतकी काटेकोर असेल असे वाटत नाही. परकी प्रवाशाला हिंदुस्थानात सगळीकडेच काटेकोर जाती दिसतात. पण दहा-बारा हजार बैलांचा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला म्हणजे गाड्यांना दोन-तीन दिवस थांबून राहावे लागते, ही त्याची तक्रार भोगलेल्या माणसाची आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाही.

मजल ठरविणारा कोण? औपचारिक अधिकार नायकाचा. त्याच्या हाताखाली कारभारी. वाट निवडणे, मालाचा भाव ठरविणे, तंटे तोडणे, राजाच्या अधिकाऱ्याशी बोलणे ही कामे त्यांची. परंतु रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात नोंदविलेली एक रीत अशी की, तांड्याच्या अग्रभागी ‘हटादिया’ नावाचा एक देवाला वाहिलेला बैल चाले. त्याच्यावर ओझे कधीच लादीत नसत. त्याच्या अंगावर लाल रेशमी पट्ट्या, गळ्यात व पायांत पितळी कडी आणि घंटा, कवड्यांच्या माळा. तो थकून जेथे बसे तेथे त्या दिवसाचा मुक्काम. दुखणे-बाणे आले, गुरांत रोग आला, तर नवस त्याच्याच पायाशी. यात श्रद्धा आहे हे उघडच आहे, पण शहाणपणाही आहे. बिनओझ्याचा, धष्टपुष्ट बैल ज्या अंतरावर थकून बसतो त्यापुढे ओझ्याचे बैल हाकणे म्हणजे त्यांना मारणे होय. नायकाच्या लोभाला आवर घालणारा हा एक अधिकारी होता, आणि त्याच्याशी वाद घालता येत नव्हता.

दक्षिणेत हे लोक केव्हा आले, याविषयी समाजात प्रसिद्ध असलेली परंपरा कंबरलेज या वऱ्हाडातील पोलिस अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहून घेतली. तीनुसार शाहजहानचा वजीर आसफखान विजापूरवर चालून आला तेव्हा, १६३० च्या सुमारास, त्याच्या फौजेला रसद पुरविण्यासाठी भंगी व जंगी हे राठोड नायक एक लाख ऐंशी हजार बैल आणि भगवानदास वडतिया बावन्न हजार बैल घेऊन दक्षिणेत उतरले. त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला. घरांच्या छपरांचे गवत आणि रांजणांतले पाणी घेण्याची मुभा व दिवसाला तीन खून माफ, असा त्याचा आशय सांगतात.

या परंपरेचे परीक्षण करावयास हवे. आसफखानाची मोहीम ऐतिहासिक आहे. १६३१ साली त्याने विजापूरला वेढा घातला होता. पण तो वेढा थोड्याच दिवसांत उठवावा लागला, आणि कारण होते दाणा-वैरणीची टंचाई. १६३० ते १६३२ हा गुजरात व दख्खन यांना उजाड करणाऱ्या दुष्काळाचा काळ. दोन लाख बत्तीस हजार बैलांची रसद पाठीशी असलेली फौज उपाशी परतते, ही विसंगती सहज मिटणारी नाही. यातून दोन अनुमाने निघतात. एक तर आकडे फुगविलेले आहेत, परंपरेतले आकडे फुगलेलेच असतात. दुसरे अधिक महत्त्वाचे. परंपरेत वजिराचे नाव कधी आसफखान, कधी आसफजाह असे येते. हैदराबादचे राज्य स्थापणारा निजाम-उल-मुल्क हाही आसफजाहच, आणि त्याचा अंमल १७२४ नंतरचा. भंगी-जंगींच्या वंशजांना हैदराबाद दरबारात मान होता, तेथील वारसास वस्त्रे मिळत. तेव्हा पुढच्या निजामशाहीत मिळालेला मान एका नामसादृश्याच्या आधाराने शंभर वर्षे मागे नेला गेला असणे अगदी शक्य आहे. मोगली फौजांबरोबर तांडे दक्षिणेत आले हे खरे. ते एका मोहिमेत, एका वजिराबरोबर आले असे मानण्याचे कारण नाही. ते वारंवार आले, आणि हळूहळू परतेनासे झाले.

त्यांचा उपयोग सर्वांनाच होता. मोगल, मराठे, निजाम, टिपू, इंग्रज यांपैकी कोणाचीही फौज लमाणांशिवाय दूर जाऊ शकत नव्हती. १८०३ च्या मोहिमेत, असईच्या लढाईआधी व नंतर, आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांचे उल्लेख वारंवार येतात, आणि त्यांत तोफांपेक्षा धान्याची काळजी कमी नाही. जॉन ब्रिग्जने या समाजावर लिहिलेला निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात १८१९ साली छापला गेला, तो या लष्करी निकडीतूनच. ज्ञान गोळा झाले ते ओझे वाहून घेण्यासाठी.

हिंगोलीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. कयाधूच्या काठचे हे गाव निजामाच्या राज्याच्या उत्तर सीमेजवळ. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की वाशीम, पुसद; दक्षिणेस वसमत, नांदेड आणि पुढे तेलंगण. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी पडली आणि ती १९०३ पर्यंत टिकली. शहरातील ‘रिसाला बाजार’ हे नाव तिचीच खूण. छावणी म्हणजे नियमित पगार मिळणारी हजारो माणसे आणि दाणा खाणारी घोडी. अर्थात तांड्यांना येथे बारमाही गिऱ्हाईक मिळाले.

छावणीच्या या बाजारपेठेची एक काळी बाजू मेडोज टेलरने आपल्या ठगांवरील प्रसिद्ध कादंबरीच्या (१८३९) प्रस्तावनेत सांगितली आहे. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलरचा व इतर अधिकाऱ्यांचा त्याच्याशी नित्य व्यवहार असे. एकदा त्याने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याजकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना घेतला. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी तसे कापड घेऊन येत आहे, हे त्याला ठाऊक होते. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत ठार केले, परवाना दाखवून माल छावणीत आणला, आणि उघड्या बाजारात विकला. हरिसिंग हा त्या भागातील ठगांचा म्होरक्या होता. ही हकीकत सहसा ठगांच्या इतिहासात वाचली जाते. वाहतुकीच्या इतिहासात ती वाचली तर एक निराळी गोष्ट ध्यानी येते. मारला गेला तो एकटा-दुकटा व्यापारी, चार नोकर आणि भाड्याचे बैल यांच्या भरवशावर निघालेला. शेकडो बैल, कुत्री आणि हत्यारबंद पुरुष घेऊन जाणाऱ्या तांड्याला वाटेत गाठून संपविणे ठगांच्या रीतीत बसणारे नव्हते. तांडा ही वाहतुकीची संस्था होती तशी संरक्षणाचीही होती. आणि ज्या बैल हाकणाऱ्यांची नावेही टेलरच्या हकीकतीत नाहीत, त्यांच्यासाठी तरी हा भेद पुस्तकी नव्हता.

वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जात असे. १८२५-२६ साली पेस्तनजींच्या पेढीने पाचशे बैलांवर, दर बैलास २४० पौंड याप्रमाणे, वऱ्हाडातील कापूस थेट मुंबईस धाडला. ही नव्या युगाची सुरुवात होती, आणि तिचा आरंभ बैलांच्याच पाठीवर झाला. तांड्याने जी पेठ वाढविली तिनेच पुढे तांडा मोडला. कापसाला वेग हवा होता. चरत-चरत सहा मैल जाणारा बैल पावसाआधी मुंबई गाठील याची हमी नव्हती. खडीच्या सडका झाल्या, गाड्या आल्या. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोचली. १९०० साली मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे परभणी, पूर्णा, नांदेड या मार्गाने सुरू झाली, आणि पुढच्या दशकात पूर्णेहून हिंगोलीस फाटा आला. १९०८ चे इंपीरियल गॅझेटियर हिंगोलीचा उल्लेख कापसाची मोठी पेठ म्हणून करते. त्या पेठेत आता लदेणीला जागा नव्हती. मीठही आगगाडीने येऊ लागले होते. गायरानांवर नांगर फिरला तशी चराईही आटली, आणि चराईशिवाय तांड्याचे गणितच उरत नाही.

धंदा गेलेल्या या लोकांकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची दृष्टीही बदलली. ज्याची वाट पाहावयाची तोच आता ज्याच्यावर नजर ठेवावयाची असा झाला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि त्याच धर्तीवर संस्थानांतून आलेले नियम यांनी भटकणे हेच संशयास्पद ठरविले. हजेरी, पोलिस पाटलाकडे नोंद, परवान्याशिवाय हालचालीस बंदी. अल्लाउद्दीनाने कारवानींना नदीकाठी बसविले ते धान्यासाठी. या वेळी बसविण्यात धान्याचाही हेतू नव्हता. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. तोवर तांडे डोंगराकडेच्या हलक्या जमिनींवर, गावकुसापासून दूर, कायमचे थांबले होते. पैनगंगेपलीकडे पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचे स्थान याच काळात विखुरलेल्या तांड्यांना बांधून ठेवणारे केंद्र बनत गेले. पुसद तालुक्यातील गहुली हे पुढे मुख्यमंत्री झालेल्या वसंतराव नाईकांचे गावही अशाच स्थिरावलेल्या तांड्यांपैकी. लदेणी संपली तरी ‘तांडा’ हा शब्द लोकांनी सोडला नाही. बैल गेले, नायक राहिला, कारभारी राहिला, नंगारा राहिला, आणि ज्या जागी शेवटचा मुक्काम पडला त्या जागेलाच ते तांडा म्हणू लागले.

स्थिरावण्याबरोबर नोंद आली, आणि नोंदीबरोबर नावाचा प्रश्न. १९५६ साली हैदराबाद राज्याची त्रिवार विभागणी झाली व एकाच राज्यातले लमाण तीन राज्यांत गेले. तेलंगणात लंबाडा हे अनुसूचित जमातीत आहेत. कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत. महाराष्ट्रात बंजारा हे विमुक्त जाती (अ) या प्रवर्गात, तर वंजारी भटक्या जमाती (ड) मध्ये. ज्या वाटांवरून त्यांचे पूर्वज बैल हाकीत गेले, त्या वाटांवर आता प्रवर्ग बदलतो. २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठवाड्यात दुसऱ्या एका समाजाच्या दाखल्यांविषयी शासननिर्णय निघाला, तेव्हा त्याच गॅझेटियरवर बोट ठेवून हिंगोलीसह अनेक ठिकाणी बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी मोर्चे काढले. जुन्या ग्रंथात लमाण, लंबाडा, बंजारा, वंजारी यांपैकी कोणता शब्द कोठे लिहिला आहे, त्या काळच्या लेखकाला त्याने कोण अभिप्रेत होते, हा कोशकाराचा प्रश्न असा अचानक हजारो विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न झाला. त्याचे उत्तर देण्यास गॅझेटियरचे एक पान पुरे नाही. एकच लेखक एका प्रकरणात हे शब्द समानार्थी योजतो, दुसऱ्यात वेगळे करतो, आणि त्याचे माहीतगार बहुधा कोर असत, गोर नव्हेत.

भाषेच्या नोंदीची अवस्था याहून बरी नाही. २०११ च्या जनगणनेत ‘लमाणी/लंबाडी’ या नावाखाली सुमारे ३२.७ लाख आणि ‘बंजारी’ या नावाखाली सुमारे १५.८ लाख बोलणारे दाखविले आहेत. जणू या दोन भाषा असाव्यात. आणि दोन्हींचा समावेश केला आहे तो हिंदी या शीर्षकाखाली. गोरबोली या नावाचा रकाना त्या तक्त्यात नाही.